बिरूचं बेट

माघात गावाकडून पुतण्या नव्या शाळू ज्वारीचं पोतं आणून टाकतो. पोत्याची दोरी सोडली की घरभर तो वास पसरतो, थोडा उन्हाचा, थोडा मातीचा, थोडा वाळल्या ताटांचा. सांगलीत राहून मला इतकी वर्षं झाली, पण या वासापुढं माझं काही चालत नाही. हात दाण्यात जातो आणि मी म्हसवडच्या पलीकडं, आमच्या खळ्यावर जाऊन उभी राहते.

यंदा पोतं आलं त्याच दिवशी वरच्या मजल्यावरची नवी जोडी अंदमानहून परतली. मुलगी मोठी गोड आहे. फोटो दाखवायला खाली आली आणि माझ्याजवळ फरशीवरच बसली. काचेच्या तळाच्या होडीतून मासे कसे दिसतात, पाण्याखाली रंगीत झाडं कशी वाढतात, सूर्य बुडताना किनाऱ्यावर नेमकं कुठं उभं राहायचं, सगळं सांगू लागली. म्हणाली, "आजी, रात्री लाटा चमकतात. खरंच चमकतात! जन्मात एकदा तरी बघायलाच पाहिजे."

"आमच्या यांनी बघितल्या होत्या," मी म्हणाले.

"हो? आजोबा कधी गेले होते?"

"लढाईत."

तिचं बोट फोटोवरच थांबलं. मीच म्हटलं, दाखव पुढचे. तिनं दाखवले, मी पाहिले. निळं पाणी, हिरवं पाणी, पांढरी वाळू, वाकलेले माड. त्यातलं एकही मला नवं नव्हतं. समुद्र मी अजूनही डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी यांच्या बेटाची वाट मला आमच्या पांदीसारखी पाठ आहे.

माझं लग्न झालं तेव्हा मी पंधरा-सोळाची असेन. हे रजेवर आले होते. अंगाची हळद पुरती उतरली नव्हती, तोवर पलटणीचं बोलावणं आलं. आमच्या भागात पाऊस कमी, म्हणून घरटी एखादा तरी पलटणीत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मग बेचाळीस साली सिंगापूर पडल्याचं कळलं, आणि त्यानंतर सरकारकडून एवढंच की, बेपत्ता आहे.

या एका शब्दावर आम्ही कितीतरी दिवस काढले. मेला म्हणावं तर रडता येतं. जिवंत म्हणावं तर वाट बघता येते. सकाळी मी कुंकू लावायला बसले की सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या माझ्या हाताकडं बघत राहायच्या, मग म्हणायच्या, "लाव. लाव तू." सांगताना त्यांचा आवाज असा यायचा की जणू मी काही चोरून खात होते. बायका पाणवठ्यावर मला वाट द्यायच्या, पण हळदी-कुंकवाला बोलावताना अडखळायच्या. आमच्यात पाट लावत नाहीत, विधवेचं दुसरं लग्न करत नाहीत. नवरा गेला तर बाईनं उरलेलं आयुष्य तसंच काढायचं. मी विशीच्या आत होते आणि ते उरलेलं आयुष्य समोरच्या माळासारखं पसरलेलं मला दिसायचं. त्यात एक झाड नव्हतं.

आणि मग लढाई संपल्यानंतरच्या सुगीत हे आले.

शाळू काढायचं काम चाललं होतं. मी ताट उपटत होते. बांधावर एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर खाकी सदरा, पण आत माणूस आहे की बुजगावणं आहे असा तो सदरा लोंबत होता. मला वाटलं कुणी भिकारी. मी म्हटलं, "खळ्याकडं जा बाबा, हितं काय न्हाई." तो तसाच उभा. मग आत्याबाईंनी मान वर केली, आणि त्यांच्या हातातली ताटं खाली पडली. माझ्या नवऱ्याला मी ओळखलं नव्हतं. तशी माझी त्यांची ओळख तरी किती दिवसांची होती?

गाव लोटलं. खळ्यावर माणसं जमायची, कणसं बडवायला, मळणीला बैलांची पात हाकायला, आणि यांचं ऐकायला. सिंगापुरात कैद झाल्यावर जपान्यांनी यांना जहाजात कोंडून आणखी पुढं, कुठल्याशा बेटावर कामाला नेलं होतं. बेट म्हणजे काय, हेच आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं.

"म्हंजे चारी बाजूंनी पानी?" शेजारचे गणूतात्या विचारायचे.

"चारी बाजूंनी."

"आन् प्यायला?"

"त्येच तर. प्यायचं न्हाई ते."

लोक हसायचे. हेही हसल्यासारखं करायचे. आणि मग सांगत सुटायचे. तिथं एक डोंगर होता, त्याच्या टोकातून चुलीसारखा धूर निघायचा. डोंगराच्या पायथ्याला समुद्राचं पाणी इतकं कढत, की हात घातला तर भाजेल. माडावर चढून नारळ फोडणारे खेकडे होते. हाताच्या पंजाएवढी हिरवीगार फुलपाखरं होती. पांढरीशुभ्र पाखरं, डोक्यावर पिवळा तुरा, ओरडली तर कानठळ्या बसाव्यात. एकेका झाडावर इतके काजवे की झाड पेटल्यासारखं दिसावं. आणि रात्री लाट फुटली की तिच्यातून उजेड सांडायचा.

"च्यायला, गड्या," गणूतात्या म्हणायचे, "आमी हितं धूळ खाल्ली आन् तू सरग बघून आलास!"

मी कणसं पसरत ऐकायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. पण मला दुसरंही दिसत होतं. माणसं पांगली की हे कडब्याच्या गंजीमागं जायचे. एकदा मी मागून गेले. हे खळ्यातले दाणे मुठीनं तोंडात कोंबत होते, भुसासकट, मातीसकट. मला बघून थांबले नाहीत. माझ्याकडं बघतच चावत राहिले. घरात भाकरी होती, पिठलं होतं, आत्याबाई वाढायला टपून असायच्या. पण ताटावर बसले की यांना दोन घास उतरत नसत. अर्धी भाकरी बंडीत दडवायचे. त्या भाकरीचे वाळलेले तुकडे मला वळचणीत सापडायचे, उतरंडीच्या मागं सापडायचे. मी ते गुपचूप गुरांना घालायची. एकदा दडवलेला तुकडा जागेवर सापडला नाही तेव्हा हे घरभर वेड्यासारखे फिरले, आणि शेवटी उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मी विचारलं, "काय झालं तिथं? मला तरी सांगा." हे म्हणाले, "सांगतोय की रोज. समद्या गावाला सांगतोय."

नवरा परत आला होता, आणि मला वाटायचं तो अजून आलाच नाही.

शाळू निघाला की रानं मोकळी होतात आणि जतकडचे धनगर मेंढरं घेऊन येतात. दरसालचं ते येणं. आमच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांनी वैरण खायची, आमच्या रानाला खत व्हायचं. त्या साली एका वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या तांड्याबरोबर, लक्कव्वा आली. उंच, काळी, कपाळावर भंडारा, खांद्यावर घोंगडं. जतच्या अलीकडं कुठंतरी कानडी-मराठी मिसळलेल्या मुलखातलं तिचं गाव. वाटेत तिला कुणीतरी सांगितलं होतं की या गावातला एक शिपाई बेटावरून आलाय. ती मेंढरं दिराच्या हवाली करून सरळ खळ्यावर आली आणि यांच्यापुढं बसली.

"अप्पा," ती म्हणाली, "माझा बिरू तुझ्या पलटणीत हुता का रं? बिरापा. कानात बाळी हुती त्याच्या."

मी यांच्या तोंडाकडं बघत होते. ते तोंड एका क्षणात म्हातारं झालं.

"हुता," हे म्हणाले.

"बेटावर?"

"माज्याबरूबरच."

लक्कव्वानं दोन्ही हात जमिनीवर टेकले. "मग कसं हाय ते बेट? मेंढरं चरत्यात का तिथं?"

आणि यांनी सांगायला सुरुवात केली. धुराचा डोंगर, कढत पाणी, खेकडे, फुलपाखरं. पण आता प्रत्येक गोष्टीत बिरू होता. खेकडा बिरूनं पकडला. तुऱ्याच्या पाखराला बिरूनं मेंढरं हाकायची हाक मारली, आणि ते पाखरू तशीच हाक परत मारायला शिकलं. लक्कव्वा तोंडाला पदर लावून हसली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"मग अजून तिथंच हाय?" तिनं विचारलं.

हे बैलांकडं वळले. मग म्हणाले, "हाय."

ती रोज येऊ लागली. हातातलं काम उरकलं की खळ्याच्या कडेला येऊन बसायची, मांडीवर लोकर घेऊन सूत काढत ऐकायची. आणि एक गोष्ट अशी की त्या दिवसांत हे जेवू लागले. ताटावर बसून जेवू लागले. माझ्याशी दोन शब्द बोलू लागले. बिरूचं सांगताना यांच्या आवाजात असा जीव यायचा की मला वाटायचं, हाच माणूस हळद लागलेला मी पाहिला होता. आत्याबाईंनी खंडोबाला हात जोडले. मी मनात लक्कव्वाचे आभार मानले. मला काय ठाऊक!

मग एका दुपारी ती आली ती उभ्याउभ्याच बोलली. "अप्पा, मी ठरिवलं. मेंढरं इकते. ममईला जाते. तिथनं जहाज जातंय म्हनं. मी बिरूला घिऊन येते."

यांनी बैल थांबवले.

"आन् सून," ती पुढं म्हणाली, "सुनंचा पाट लावायचा ठरला हुता चैतात. पोरगी तरणी हाय, किती बसवायची म्हनून मीच हो म्हनलं हुतं. आता निरोप धाडला, मोडा म्हनून. तिचा नवरा जिता हाय."

मी सूप घेऊन उभी होते. मी यांच्याकडं पाहिलं आणि मला कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. गंजीमागं मुठीनं दाणे खाताना जी नजर होती, तीच नजर मला दिसली.

लक्कव्वा गेल्यावर मी यांना गाठलं. "बिरू मेलाय."

यांनी मान खाली घातली.

"तिला सांगा."

"नगं."

"आवं, ती मेंढरं इकंल. तिची सून जल्मभर बसंल. मी बसले हुते, मला इचारा बसनं काय असतंय ते! तिला तरी सुटका हाय, ती बी तुमी घालवताय."

हे माझ्याकडं बघत होते. त्या नजरेची भीक मला आजही सोसत नाही. म्हणाले, "अगं, तो तिथं हाय. रोज हाय. खेकडा धरतोय, पाखरांना हाक मारतोय. मी सांगितलं की मरंल तो. मी त्याला एकदा मातीत घातलाय. दुसऱ्यांदा नगं लावूस मला."

काय करायला हवं होतं मी? नवरा नुकता कुठं ताटावर बसून जेवायला लागला होता. तिकडं जतच्या रानात एक पोरगी होती, तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर रोज कुणाची तरी नजर असेल, एवढं मला माहीत होतं. माझ्या घराला माझा नवरा पाहिजे होता. मला तर कुणापेक्षा जास्त पाहिजे होता. त्या संध्याकाळभर मी कामात हात घातला की हात थांबायचा. पाणी आणायला गेले आणि घागर न भरता परत आले. शेवटी मी म्हटलं, "तुमी सांगा. न्हाईतर उद्या ती आली की मी सांगते. माझ्या तोंडनं ऐकंल ती. तसं बरं व्हईल का, तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लक्कव्वा आली. हे खळ्याच्या मध्ये उभे होते. तिला बस म्हणाले नाहीत.

"अव्वा, बिरू न्हाई," हे म्हणाले. "तापानं गेला. भुकंनं गेला. मीच पुरला."

तिला आधी समजलंच नाही. ती तशीच हसऱ्या तोंडानं बघत राहिली. मग तोंड हळूहळू उघडं पडत गेलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि खळ्यातली माती हातानं सारखी करू लागली, जणू सारवत होती.

माती सारखी करता करताच तिनं विचारलं, "काय म्हनत हुता?"

"त्याला मेंढरं दिसत हुती. कुनाच्या तरी उसात शिरल्यात म्हनत हुता. उठून हाकायला बघायचा. आंगात ताप, पाय काटक्यावानी, तरी उठायचा. मी धरून ठिवला त्याला."

लक्कव्वानं मान वर केली. "का धरलास?" ती म्हणाली. "सोडायचं हुतंस की. हाकली असती त्यानं."

एवढंच बोलून ती उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा वाडा हलला होता. रानात नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल.

पुढं तिच्या सुनेचा पाट लागला, आणि तिला मुलंबाळंही झाली, असं धनगरांकडून कळलं. मला त्याचं बरं वाटलं. पण ते सगळं पुढचं. तेव्हा मात्र मला वाटलं, मी माझ्या हातानं माझं घर बुडवलं. कारण लक्कव्वा गेली त्या दिवसापासून हे उठेनात. पडवीत भिंतीकडं तोंड करून पडायचे. भाकरी नाही, दाणे नाहीत, दडवणंही नाही. आत्याबाई उशाशी बसून कपाळ बडवून घ्यायच्या. "काय केलंस गं हे, काय सांगायला लावलंस," असं मला रोज ऐकवायच्या. गणूतात्या यायचे, म्हणायचे, "त्या धूर निघनाऱ्या डोंगराचं सांग की रं." हे ऐकायचे नाहीत. वैद्य आला, देवऋषी आला. यांच्या बरगड्या मोजता याव्यात इतक्या वर आल्या. चार वर्षं ज्याच्यासाठी कपाळ राखलं, तो माझ्या देखत, आपल्या घरात, भरल्या सुगीत उपाशी मरत होता, आणि मला त्याला हात लावायचीही भीती वाटत होती.

मळलेली रास खळ्यात तशीच पडून होती. वारं पडलेलं. वाऱ्याशिवाय उफणता येत नाही, दाणा आणि भूस वेगळं होत नाही. आकाशात अवेळी ढग यायला लागले होते. पाऊस आला असता तर वर्षाचं धान्य मातीत गेलं असतं. मी रोज खळ्यावर जाऊन मूठभर भूस वर उडवून बघायची. ते सरळ खाली यायचं, माझ्याच डोक्यावर.

मग एका सकाळी वारं सुटलं. मी आणि गणूतात्यांची बायको धावत खळ्यावर गेलो. मी वावडीवर, उफणायच्या उंच तिवईवर, चढले, ती खालून पाट्या देऊ लागली. भूस पिवळ्या धुरासारखं उडत होतं. आणि त्या भुसातून मला वाटेवर लक्कव्वा दिसली. एकटी. मेंढरं नाहीत, माणसं नाहीत. पुढच्या मुक्कामावरून ती एकटीच चालत परत आली होती. वाटेत कुणीतरी तिला यांचं सांगितलं असावं. माझ्याकडं न बघता ती घराकडं गेली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती यांना हाताला धरून खळ्यावर घेऊन आली. हे चालत नव्हते, ती चालवत होती. तिनं यांना सावलीत बसवलं, आपल्या फडक्यातली भाकरी सोडली, तुकडा मोडून यांच्या तोंडाशी धरला. यांनी तोंड फिरवलं.

"खा," ती म्हणाली. "माझ्या बिरूला बघितल्यालं तूच एक मानूस हायस. तू बी गेलास तर मी कुनाला इचारू?"

यांनी तिच्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं.

ती एकेक तुकडा देत गेली. मेंढीच्या कोकराला दूध पाजावं तशी, घाई न करता. भाकरी संपली. तिनं यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि समोर मांडी घालून बसली.

"आता ते पाखरांचं नगं," ती म्हणाली. "त्याला भूक कशी लागायची, ते सांग. कुनी मारलं, कुठं मारलं. समदं सांग. मी हाय हितं."

हे बोलू लागले. आवाज इतका बारीक की वाऱ्यात ऐकू येईना. खालून गणूतात्यांची बायको पाटी वर करून म्हणत होती, "घे की गं, वारं पडंल." मी पाटी घेतली नाही. वावडीवरून उतरले, लक्कव्वाच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा नवरा माझ्या कानावर पडला.